पणजीचं माहेर कागदात सापडेल का? (सोलापूर जिल्हा, जुन्या नोंदी)

सीनाकाठ:

आप्पांना, माझ्या वडिलांना जाऊन वर्ष झालं. वारस नोंदीसाठी सातबारा काढला, तर त्यांच्या नावासमोर कंसात फेरफाराचा, म्हणजे जमिनीवरचं नाव बदलल्याच्या नोंदीचा नंबर. तो फेरफार मागितला. त्यात आजोबांचं नाव आणि आणखी मागच्या फेरफाराचा नंबर. काम वारस नोंदीपुरतंच होतं, पण मला राहवेना. विहिरीच्या पायऱ्या उतराव्यात तशी एकेक नंबर मागे जात राहिले आणि १९१९ सालच्या नोंदीपाशी येऊन थांबले.

शाई तपकिरी झालेली, कडा वाळवीनं खाल्लेल्या. आशय असा: मयत अमुक बिन तमुक, वारस मुलगा, वय वर्षे ४, अज्ञान (म्हणजे वयानं सज्ञान नसलेला), पालन करणार आई. आणि पुढे तिचं नाव. तिचं नाव एका नदीचं आहे. घरातल्या थोरल्यांना विचारल्याशिवाय इथं लिहीत नाही.

आमच्या घरात पुरुषांची सहा पिढ्यांची नावं आजोबांनी सगळ्यांकडून घोकून घेतली होती. मलाही पाठ आहेत. पण आजोबांच्या आईचं नाव मी वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा वाचलं. घरात ती कायम ‘म्हातारी आई’ होती. तिचा नवरा ऐन तिशीत गेला आणि पुढे चुलत पणजोबांनी, म्हणजे थोरल्या बाबांनी जमीन राखली, एवढंच आम्ही ऐकत आलो. कागद सांगतो की जमिनीवर पालनकर्ती म्हणून नाव तिचं होतं.

मला दोन गोष्टी हव्या आहेत. १९१९ च्या मागे कसं जायचं? आणि तिचं माहेर कुठलं? दुसरी गोष्ट मला जास्त हवी आहे. जाणकारांनी हात द्यावा.

निवृत्त_अव्वल_कारकून:

ताई, तुम्ही गेलात ती वाट बरोबर आहे. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३ साली आला आणि १९१३ साली तो जमीन महसूल कायद्यात घातला गेला. त्यामुळे फेरफाराची साखळी बहुतेक गावांत १९१०-२० च्या पलीकडे जात नाही. तुमचा १९१९ चा कागद या साखळीच्या उगमाजवळचाच आहे.

त्याच्या मागे सर्व्हेचे कागद. ब्रिटिशांची नवी मोजणी १८३५-३६ च्या सुमारास शेजारच्या इंदापुरातून सुरू झाली आणि मग आपल्या भागात आली. आकारबंद, शेतवार पत्रक, गुणाकार बुक, टिपण अशी ही कागदपत्रं भूमी अभिलेख खात्याकडे असतात. तिथे अर्ज करताना आजचा गट नंबर देऊ नका. गट नंबर नंतर, जमिनीचे तुकडे जोडून एकत्रीकरण झालं तेव्हा पडले. आधी जुना सर्व्हे नंबर शोधा, मग अर्ज. लोक इथंच अडकतात. गट नंबर घेऊन चकरा मारतात आणि कागद नाही म्हणून परत येतात.

आता न विचारता एक सांगतो. मी पस्तीस वर्षं हे कागद हाताळले. ‘पालन करणार आई’ एवढं लिहिलंय म्हणून कसत तीच होती असं ठरत नाही. अज्ञान वारस असला की आईचं नाव लावायची रीतच होती. औत दिराच्या हातात असू शकतं. थोरल्या बाबांचं श्रेय एका ओळीवरून काढून घेऊ नका. गहाण, खरेदी, गहाणफेड अशा व्यवहाराचा दुसरा कागद शोधा. त्यात माणूस दिसतो.

सीनाकाठ:

काका, मनापासून आभार. तुमचं म्हणणं पटलं. त्या फेरफाराच्या पुढच्याच पानावर एक गहाणाची नोंद आहे, रक्कम ३०० रुपये. त्यावर नोंदणीकृत दस्ताचा नंबर आहे. आता तो दस्त काढते.

मोडीची_गोडी:

दस्त मिळाला की इथं कळवा, कारण तो मोडीत असण्याची शक्यता बरीच आहे. दुय्यम निबंधकांकडे सूच्या असतात. सूची एक नावांची, सूची दोन मिळकतीची. साल आणि गाव माहीत असेल तर शोध घेता येतो. नंबरच हाताशी आहे म्हणजे निम्मं काम झालं.

मोडीबद्दल घाबरू नका. लिहिणारा आधी पानभर शिरोरेघ ओढतो आणि मग तिला अक्षरं लटकवत जातो. टाक उचलायचा नाही म्हणून दोन शब्दांत जागा सोडत नाही. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाही. नव्या वाचकाला ती सगळी ओळ एकच लांब शब्द वाटते. पण दस्ताची भाषा ठरीव असते. पहिल्या चार ओळी उलगडल्या की बाकीचं सापडत जातं. आठ-दहा शब्द आधी डोळ्यांत बसवा. बिन किंवा वल्द म्हणजे अमक्याचा मुलगा. मर्द, कोम, जौजे म्हणजे अमक्याची बायको. सा. म्हणजे साकीन, राहणार. मौजे, कसबे, तर्फ, प्रगणे ही गावाची ओळख. दिगर म्हणजे आणि इतर. आडनाव शोधू नका, बहुतेक नसतंच. माणूस बापाच्या नावानं आणि गावानं ओळखला जायचा. एकाच गावात एकाच नावाचे तिघे निघतात, म्हणून दोन पिढ्यांची नावं जुळल्याशिवाय ‘हाच आपला’ म्हणायचं नाही.

आणखी मागे गेलात तर साल वाचता यायला हवं. शकात ७८ मिळवायचे, हे सगळ्यांना येतं. पेशवाईच्या कागदावर सुहूर सन असतो आणि तो अरबी शब्दांत लिहितात, एकक आधी. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार: ११६१. हा सन मृगाला सुरू होतो, म्हणून पावसाळ्यापासून डिसेंबरपर्यंतच्या कागदाला ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्याला ६००. हे पानिपताचं साल, १७६०-६१. मी पहिल्यांदा हे चार शब्द स्वतः सोडवले त्या रात्री मला झोप लागली नव्हती.

१८१८ च्या आधीचे कागद पुण्याच्या पुरालेखागारात, पेशवे दफ्तरात. कापडाच्या रुमालात बांधलेले. पण साध्या कुळाचं नाव तिथं क्वचित लागतं. पाटील, कुलकर्णी, देशमुख, इनामदार, वतनाचं भांडण, यांचे कागद तिथं सापडतात. मोठी आशा धरून जाऊ नका, पण गावाचं नाव घेऊन एकदा जाच.

बोरीकाठ:

सोलापूर जिल्हा आज एक दिसतो, पण १९४८ च्या आधी तुमचं गाव कुणाच्या राज्यात होतं ते आधी विचारा. आमचं अक्कलकोट भोसल्यांचं संस्थान. मंगळवेढा सांगलीच्या पटवर्धनांकडे. शेजारच्या जिल्ह्यातलं तुळजापूर, नळदुर्ग निजामाकडे. बार्शी, माढा, करमाळा ब्रिटिश अंमलात. सोयरिकी मात्र सगळीकडे. माझ्या आजोळचे कागद उर्दूत निघाले, फसली सनात, म्हणजे निजामाकडच्या महसुली सालात. त्या फसलीत ५९० मिळवायचे. फसली १३४४ म्हणजे १९३४-३५. निजामाकडच्या गावांना १९५४-५५ चं खासरा पत्रकही मागा, कसणाऱ्याचं नाव त्यात मिळतं.

ताई, तुमची पणजी सीनेच्या पलीकडची असेल तर ही गोष्ट कामी येईल.

पूर्वभाग:

धागा वाचून लिहावंसं वाटलं. आम्ही पद्मशाली, म्हणजे विणकर, घरात तेलुगू, शाळा मराठी. पणजोबा तेलंगणातून आले. सोलापुरात जुनी गिरणी १८७७ मध्ये सुरू झाली, त्याच्या आधी १८६० साली रेल्वे आली होती. हातमाग, गिरण्या आणि तिकडचे दुष्काळ यांमुळे घरंच्या घरं इकडे आली. पूर्व भागात आजही बोळाबोळांत ती वस्ती आहे.

आम्हाला सातबारा नाही. जमीनच नव्हती. आमची नोंद सुरू होते ती शाळेच्या जनरल रजिस्टरपासून. आजोबांच्या प्रवेश-निर्गम उताऱ्यावर जन्मस्थळाच्या रकान्यात एका खेड्याचं नाव होतं, मराठी गुरुजींनी कानाला लागलं तसं लिहिलेलं. ते नाव नकाशावर कुठंच सापडेना. मग एका वयस्कर आत्याला मोठ्यानं वाचून दाखवलं. तिनं ते तेलुगूत उच्चारलं आणि गाव कळलं. तिथं गेलो. आमचं इंटिपेरू, म्हणजे घराचं नाव, सांगितल्याबरोबर एका म्हाताऱ्यानं आम्हाला हाताला धरून एका जोत्यापाशी नेलं. घर पडलेलं, पण मागाचा खड्डा शाबूत होता. माझे वडील त्या खड्ड्यात पाय सोडून बसले. बराच वेळ उठले नाहीत.

शहरातल्यांसाठी दोन जागा सांगतो. नगर भूमापनाची मिळकत पत्रिका, तिच्यावर जुने धारक ओळीनं असतात. आणि महापालिकेचं जन्म-मृत्यू रजिस्टर. सोलापूरची नगरपालिका १८५२ ची आहे.

आमच्यात कूनपुली नावाचे लोक असत. मार्कंडेय पुराण चित्रं रंगवलेल्या कापडी पटावर दाखवत गावोगाव जात आणि पद्मशालींचं मूळ सांगत. माझ्या आजीनं लहानपणी तो पट पाहिला होता. सोलापुरात आल्यावर तो पाहणं सुटलं. कुणाच्या घरी कुणी म्हातारं माणूस असेल तर आज संध्याकाळी त्यांच्यापाशी बसा आणि फोनवर रेकॉर्ड करा. रजिस्टर शंभर वर्षं कपाटात राहील, माणूस राहणार नाही.

दक्षिणसोलापूर:

आमच्या कन्नड पट्ट्यात हेळवी येतात. सुगी झाली की बैल घेऊन यायचे, दारात उभं राहून घराण्याची नावं वरपासून खालपर्यंत म्हणायचे आणि धान्य घेऊन जायचे. त्यांच्याकडे चोपड्या असतात. आमच्या घराण्याचं मूळ गाव आम्हाला त्यांच्याकडूनच कळलं, मग कागदानं त्याला दुजोरा दिला. सीनाकाठताई, तुमच्या गावात कुणाकडे येत असतील तर विचारून बघा.

तारेच्या_आत:

दोनदा लिहून पुसलं. आता लिहितो.

सोलापुरात ‘सेटलमेंट’ म्हटलं की कुणालाही जागा कळते. आमची माणसं तिथं तारेच्या कुंपणाच्या आत राहिली. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा, तो पुढे मुंबई इलाख्याला लावला. जन्मलेलं मूल जन्मतःच गुन्हेगार. रोज हजेरी. बाहेर जायचं तर पास. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला, म्हणून आम्ही त्या तारखेला विमुक्त दिन पाळतो.

तुम्ही सगळे गहाणाचे, मोजणीचे, शाळेचे कागद सांगताय. माझ्या आजोबांच्या वडिलांचं नाव फक्त एका ठिकाणी लिहिलेलं सापडलं: हजेरीच्या रजिस्टरात. जमातीचं नाव, वय, अंगावरच्या खुणा, बोटांचे ठसे. डाव्या गालावर व्रण. माझ्या वडिलांनी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, फोटो नाही, काही नाही. तो व्रण हेच त्यांचं एकमेव वर्णन, आणि ते पाळत ठेवण्यासाठी केलेलं. मी ते पान हातात घेऊन उभा होतो. राग आला की रडू आलं ते सांगता येत नाही. नक्कल घेतली. घरी देवाजवळ ठेवली आहे.

आमच्यासारख्यांनी पोलीस आणि कारागृहाचे जुने कागद टाळू नयेत. तिथंच आपली माणसं आहेत.

सीनाकाठ:

दादा, तुम्ही लिहिलंत म्हणून हा धागा मोठा झाला. आभार कसे मानू कळत नाही.

पूर्वभाग:

@तारेच्या_आत, माझी शाळा तिथून दहा मिनिटांवर होती. हे आम्हाला कुणी सांगितलं नाही.

बार्शीकर_वकील:

बऱ्याच जणांचा शोध जात पडताळणीपासून सुरू होतो, म्हणून थोडक्यात: पुरावा मानीव दिनांकाच्या, म्हणजे त्या प्रवर्गासाठी ठरवलेल्या तारखेच्या आधीचा लागतो. अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गाला १३ ऑक्टोबर १९६७. अलीकडे कुणबी नोंदींच्या निमित्तानं गावोगावची जुनी दप्तरं उघडली गेली. त्यातून गाव नमुना १४, म्हणजे कोतवालाचं जन्म-मृत्यूचं पुस्तक, लोकांना माहीत झालं. चांगलं झालं.

पण सावध राहा. माझ्याकडे एक कुटुंब आलं, त्यांना एका दलालानं ‘तयार वंशावळ’ विकली होती. सात पिढ्या, सुबक टाइप केलेल्या. मधल्या दोन पिढ्यांची नावं शेजारच्या भावकीतली. मुलाचं प्रवेशाचं वर्ष गेलं. नक्कल स्वतः अर्ज करून, शिक्क्यानिशी घ्या.

सीनाकाठ:

वकीलसाहेबांनी नमुना १४ सांगितला म्हणून तेही पाहून आले. १९१८ चं पुस्तक. ऑक्टोबरच्या पानावर मृत्यूच्या कारणाचा रकाना वरपासून खालपर्यंत एकाच शब्दानं भरलाय. ताप. ताप. ताप. इन्फ्लुएंझाची साथ. पुढच्या पानावरही तेच. अक्षर वरच्या ओळींत ठसठशीत आहे, खाली खाली घाईचं होत गेलंय. त्यात पणजोबा सापडले, वय ३१. त्यांच्या वर तीन ओळी, त्याच घरातलं दोन वर्षांचं मूल, मुलगी. तिच्याबद्दल आम्हाला काहीच माहीत नव्हतं. मूल लिहिलंय बापाच्या नावानं, तिचं स्वतःचं नाव नाही.

त्याच साली पाऊसही दगा देऊन गेला होता. म्हणजे साथ, दुष्काळ, नवरा, लेक, सगळं एका हंगामात. आणि पदरात चार वर्षांचा मुलगा.

दस्ताची नक्कल आली आहे. मोडीच आहे. मोडीची_गोडी यांना पाठवली.

मोडीची_गोडी:

वाचून झाला. ताईंच्या परवानगीनं सांगतो. गहाणखत १९२० चं. लिहून देणार: अज्ञान मुलाकरिता पालन करणार आई. कारण: सरकारसारा भरणे व घरखर्च. सर्व्हे नंबर एक, चतुःसीमा दिल्या आहेत. शेवटी ‘निशाणी डावे हाताचा अंगठा’. साक्षीदार दोन. पहिल्या साक्षीदाराचं नाव आणि बापाचं नाव पाहून ताईंनी सांगितलं, ते थोरले बाबा.

दुसरा कागद गहाणफेडीचा, १९२९ चा. मुद्दल आणि व्याज ‘रोख पावले’ असा मजकूर आहे आणि पैसे भरणार म्हणून पुन्हा तिचंच नाव. अंगठा तिचा, साक्षीला पुन्हा थोरले बाबा.

निवृत्त_अव्वल_कारकून:

माझी शंका फिटली. नऊ वर्षांत गहाण सोडवणं त्या काळात कमी जणांना जमलं. कितीतरी जमिनी अशा गहाणातच गेल्या. थोरले बाबा दोन्ही वेळा साक्षीला उभे आहेत. मनात असतं तर पुतण्याची जमीन त्यांना आपल्याकडे ओढता आली असती. तसं झालं नाही. दोघांचीही नावं सांगा मुलांना.

सीनाकाठ:

काका, हे मी धाकट्या चुलत्यांना जसंच्या तसं वाचून दाखवलं. ते थोरल्या बाबांच्या शाखेतले. आधी जरा नाराज होते. तुमचं शेवटचं वाक्य ऐकल्यावर उठून आत गेले आणि पितळेचा एक डबा आणून माझ्यासमोर ठेवला. त्यात साऱ्याच्या जुन्या पावत्या आहेत. अजून बघितल्या नाहीत, एकेक सुटी करून सावलीत वाळत ठेवल्या आहेत.

माहेर मात्र कुठल्याच कागदात नाही. बाई लग्न करून आली की महसुलाच्या कागदात ती नवऱ्याची आणि मुलाची. १९५६ चा वारसा कायदा येईपर्यंत भाऊ असला की बापाच्या जमिनीला वारस म्हणून लेकीचं नाव लागायचं नाही, त्यामुळे तिकडूनही धागा मिळत नाही.

भीमातीर:

ताई, पंढरपूरला या. क्षेत्रोपाध्यांच्या, म्हणजे यात्रेकरूंचे विधी करणाऱ्या तिथल्या पुरोहितांच्या वह्या बघा. यजमान गावावरून आणि घराण्यावरून वाटलेले असतात. तुमच्या गावाचं नाव सांगून विचारत गेलात की तुमच्या गावाचे उपाध्ये कोण ते कळेल. वारीला, अस्थी घेऊन किंवा नुसतं दर्शनाला आलेल्यांची नावं त्यांत असतात. कोण आलं, कुणाला घेऊन आलं. सोबत बायका असतील तर त्यांचीही, आणि कधी कधी माहेरचं गावसुद्धा, कारण माहेरची माणसं वारीतच भेटायची. नाशिक-त्र्यंबकला अशाच नामावळ्या आहेत. हरिद्वारच्या वह्यांचे तर अमेरिकेतल्या युटाच्या वंशावळी संस्थेनं मायक्रोफिल्म केलेत.

जाताना आजोबांचं, पणजोबांचं नाव आणि गावाचं जुनं नाव लिहून घेऊन जा. आषाढी-कार्तिकीला जाऊ नका, कुणाला वेळ नसतो. मधल्या दिवसांत जा आणि दक्षिणा मनापासून द्या, त्या वह्या त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पुरापासून वाचवल्यात.

सीनाकाठ:

काल पंढरपूरला जाऊन आले. चुलते सोबत होते.

तीन घरं फिरलो. तिसऱ्या घरी आजीबाईंनी गावाचं नाव ऐकून मुलाला माळ्यावर पाठवलं. लाल कापडात बांधलेली उभी वही. आमचं गाव, मग भावक्या, मग आमचं घराणं. १९३१ च्या कार्तिकीला आजोबा आले होते, वय १६. ‘सोबत मातोश्री’ आणि तिचं नाव. त्याच्यापुढे बारीक अक्षरात दोन शब्द: ‘माहेर मौजे’ आणि एका गावाचं नाव. सीनेच्या पलीकडे, आमच्यापासून सहा कोसांवर. त्या गावावरून मी शेकडो वेळा एसटीनं गेले आहे.

म्हणजे गहाण फिटल्यावर दोन वर्षांनी ती लेकाला घेऊन पंढरीला आली होती.

उपाध्यांनी विचारलं, आजची नोंद काय लिहू? मी आप्पांचं नाव सांगितलं, मग आईचं, तिच्या माहेरासकट. आजीचं, तिच्या माहेरासकट. चुलत्यांनी स्वतः थोरल्या बाबांच्या बायकोचं नाव सांगितलं. ते फक्त त्यांनाच माहीत होतं. १९१८ च्या त्या मुलीसाठी उपाध्यांनी ‘कन्या, वय २’ असं लिहिलं आणि नावाची जागा कोरी सोडली.

चुलते म्हणाले, आता नाव सांगायला हरकत नाही. मग सांगते. सही करून आम्ही घाट उतरलो, पाण्यापर्यंत गेलो. ज्या नदीत पाय बुडवून उभे होतो, तेच तिचं नाव.